पानथरी, पांढऱ्या पेशी आणि आमवात

माझ्या आत्याच्या आमवाताची फाइल पंधरा वर्षांची आहे. दर दोन-तीन महिन्यांनी एक सीबीसी, एक ईएसआर, कधी सीआरपी, अधूनमधून लिव्हरची तपासणी. रिपोर्ट आला की घरातले आम्ही सगळे आधी ईएसआर, म्हणजे सुजेचा आकडा, बघायचो. तो कायम थोडा चढलेलाच असायचा, पण शेवटच्या दोन-तीन वर्षांत सांधे फारसे दुखत नव्हते. बोटं वाकडी झाली ती झालीच, सकाळचा ताठरपणा मात्र गेला होता. ‘दुखणं आता जळून गेलं,’ असं आत्या म्हणायची. मग डाव्या नडगीवर एक जखम झाली, ती चार महिने भरेना. पाठोपाठ दोनदा न्यूमोनिया झाला. तेव्हा मी फाइल घेऊन बसले आणि पांढऱ्या पेशींचे आकडे वहीत एकाखाली एक उतरवले: ६८००, ५९००, ४७००, ४१००, ३२००, २४००. सुटा पाहिला तर यातला एकही आकडा घाबरवणारा नव्हता. ओळीने मांडल्यावर उतार दिसला.

त्या वहीपासून मी या विषयाच्या मागे लागले. आमवात, म्हणजे डॉक्टर ज्याला रूमेटॉइड आर्थ्रायटिस किंवा नुसतं ‘आरए’ म्हणतात तो, आपण हाडांचं दुखणं समजतो. प्रत्यक्षात तो प्रतिकारशक्तीचा आजार आहे. प्रतिकारशक्तीचं सैन्य रक्तातून फिरतं आणि त्याचा उगम अस्थिमज्जेत होतो. त्यामुळे सांध्यात जे घडतं त्याचा पडसाद रक्तात उमटतोच. बहुतेकांत तो सौम्य असतो. थोड्यांच्या बाबतीत मात्र रक्तातली गुंतागुंत सांध्यांपेक्षा मोठी होऊन बसते. या लेखात त्या थोड्यांबद्दल लिहायचं आहे.

आधी नेहमीचं काय ते सांगायला हवं, नाहीतर दुर्मीळ ओळखता येणार नाही. आमवातात हिमोग्लोबिन उतरणं अगदी सर्रास दिसतं. सूज पेटती असली की शरीरात इंटरल्यूकिन-६ नावाचा संदेशवाहक वाढतो. तो यकृताला हेप्सिडिन हे संप्रेरक जास्त बनवायला लावतो आणि हेप्सिडिन लोहाच्या कोठाराला कुलूप घालतं. लोह शरीरात असतं, पण मज्जेला मिळत नाही. अशा रुग्णाला लोहाच्या गोळ्या कितीही दिल्या तरी हिमोग्लोबिन हलत नाही. सूज आटोक्यात आली की ते आपोआप वर येतं. त्यात वेदनाशामक गोळ्यांनी जठरातून थेंब थेंब रक्त जात असेल तर खरीखुरी लोहाची कमतरताही साथीला येते. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन सुजेनेही वाढतं, म्हणून ते ‘नॉर्मल’ दिसलं तरी लोह पुरेसं आहे असं म्हणता येत नाही.

दुसरी नेहमीची गोष्ट प्लेटलेटची. पेटत्या आमवातात प्लेटलेट वाढतात, चार-पाच लाखांच्या पुढेही जातात. म्हणजे सांधे सुजलेले असताना प्लेटलेट कमी होत असतील तर ते नेहमीच्या चालीच्या उलट आहे. पांढऱ्या पेशींचंही तसंच. उलट चाल दिसली की विचारायचा प्रश्न एकच: पेशी कोण कमी करतंय? रोग, औषध, की तिसरंच काही? पुढची सगळी चर्चा या एका प्रश्नाभोवती फिरते.

रोगच पेशी कमी करतो याचं सगळ्यात जुनं उदाहरण म्हणजे फेल्टी सिंड्रोम. १९२४ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ऑगस्टस रॉय फेल्टी या तरुण डॉक्टरने पाच रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. पाचही जणांना जुना संधिवात होता, पानथरी वाढलेली होती आणि पांढऱ्या पेशी कमी होत्या. ‘फेल्टी सिंड्रोम’ हे नाव आठ वर्षांनी, १९३२ साली, दुसऱ्याच दोघा डॉक्टरांनी दिलं. त्यांनी पानथरी काढून टाकल्यावर फरक पडल्याचं नोंदवलं होतं. पानथरी म्हणजे प्लीहा. आपल्याकडे हिवतापाच्या पट्ट्यात हा शब्द आजही आजीबाईंच्या तोंडी असतो, पण आमवाताच्या रुग्णाच्या पोटाला हात लावून पानथरी तपासली जाते का, याबद्दल मला खात्री वाटत नाही.

फेल्टी होतो तो बहुधा दहा-पंधरा वर्षं आमवात मुरलेल्या माणसाला, आणि बायकांना जास्त. रूमेटॉइड फॅक्टर खूप चढलेला असतो, कोपराजवळ कातडीखाली गाठी असतात, नडगीवर न भरणारी जखम होते. पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिल २००० च्या खाली जातात. ५०० च्या खाली गेल्या की जंतूंना दार सताड उघडं मिळतं. त्वचेचे आणि छातीचे संसर्ग पुन्हा पुन्हा होतात. या सगळ्यात फसवी बाब अशी की, अनेकांचे सांधे या काळात शांत असतात. सांधे दुखत नाहीत म्हणून रुग्ण डॉक्टरकडे कमी जातो, रक्त तपासायचं राहतं आणि आजार दुसऱ्या खोलीत बसून काम करत राहतो. आत्याचं ‘जळून गेलं’ हे वाक्य मला आता ऐकवत नाही.

न्यूट्रोफिल जातात कुठे? पूर्वी सगळा दोष पानथरीवर होता: ती वाढते, पेशी अडवते, गिळते. पण पानथरीचा आकार आणि पेशींची घट यांचा नीट मेळ बसत नाही. पानथरी थोडीच वाढलेली आणि पेशी तळाला गेलेल्या, असंही दिसतं. आज चित्र अधिक गुंतागुंतीचं आहे. जंतूला पकडण्यासाठी न्यूट्रोफिल स्वतःच्या डीएनएचं जाळं बाहेर फेकतात. त्या जाळ्यातल्या बदललेल्या हिस्टोन प्रथिनांविरुद्ध फेल्टीच्या रुग्णांत प्रतिपिंडं सापडली आहेत. म्हणजे पेशी रक्तात मारल्या जातात, पानथरीत अडकतात, आणि काहींच्या मज्जेत त्यांची वाढही अर्ध्यावर थांबते. यकृतातही बदल होतात; काहींना त्यातून पोर्टल रक्तवाहिनीतला दाब वाढतो आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. रक्ताची उलटी होऊन आलेल्या, दारूला कधी न शिवलेल्या बाईच्या मागे फेल्टी असू शकतो.

उपचारातली गंमत नव्या रुग्णाला पचत नाही. आमवातावरच्या ज्या मेथोट्रेक्सेट या औषधाने पेशी कमी होऊ शकतात, तेच औषध फेल्टीत पहिलं वापरलं जातं आणि बहुतेकांच्या न्यूट्रोफिल त्याने वाढतात, कारण घट रोगामुळे होती. ते जमलं नाही तर रितुक्सिमॅब. जीवघेणा संसर्ग असेल तेव्हा मज्जेला चेतवणारं जी-सीएसएफचं इंजेक्शन देतात, मात्र त्याने सांधे पुन्हा पेटू शकतात, म्हणून हात राखून. पानथरी काढण्याची शस्त्रक्रिया आता शेवटचा उपाय. पेशी वाढतात, पण काहींच्या पुन्हा उतरतात, आणि पानथरीविना माणूस न्यूमोकॉकससारख्या जंतूंपुढे आयुष्यभर उघडा राहतो. त्याआधीच्या लसी चुकवता येत नाहीत.

फेल्टीला एक जुळं भावंड आहे. १९८५ मध्ये टॉमस लॉफ्रन आणि सहकाऱ्यांनी मोठ्या, दाणेदार लिम्फोसाइट पेशींच्या एका मंद रक्तकर्करोगाचं वर्णन केलं: एलजीएल ल्युकेमिया. या रुग्णांपैकी बऱ्याच जणांना आमवात असतो. न्यूट्रोफिल कमी, पानथरी वाढलेली, वारंवार संसर्ग, सगळं फेल्टीसारखंच. फरक इतकाच की इथे एकाच पेशीची पिल्लावळ वाढलेली सापडते. पण तो फरक तरी किती खरा? फेल्टीत आणि आमवातासोबत आलेल्या एलजीएलमध्ये एचएलए-डीआर-४ हा जनुकप्रकार दहापैकी नऊ जणांत आढळतो. २०१२ साली फिनलंडच्या संशोधकांनी एलजीएलच्या सुमारे ४० टक्के रुग्णांत स्टॅट-३ या जनुकातला बदल दाखवला, आणि २०१८ मध्ये तोच बदल फेल्टीच्या रुग्णांच्या लहानशा गटातही जवळपास त्याच प्रमाणात सापडला. मला वाटतं, आपण ज्यांना दोन आजार म्हणतो ती एकाच रस्त्यावरची दोन गावं आहेत. रुग्णासाठी याचा अर्थ दिलासादायक आहे. ‘ल्युकेमिया’ हा शब्द ऐकून घर हादरतं, पण हा बहुधा संथ चालणारा आजार आहे आणि त्यावरचं पहिलं औषध बऱ्याचदा तेच, आठवड्याला एकदा घ्यायचं मेथोट्रेक्सेट.

आता औषधांकडे. इथे मला थोडं मागे, मुंबईत जायचं आहे. १९२८ साली लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणीकामगारांच्या वस्तीतल्या गरोदर बायकांना होणारा एक जीवघेणा पंडुरोग तिला शोधायचा होता. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये तिचं काम चालायचं. या बायकांच्या लाल पेशी फुगलेल्या असत आणि तेव्हा ठाऊक असलेल्या शुद्ध यकृत-अर्काने त्या सुधारत नसत. यीस्टच्या स्वस्त अर्काने, म्हणजे मार्माइटने, सुधारल्या. हे तिने १९३१ साली प्रसिद्ध केलं. यीस्टमधला तो ‘विल्स घटक’ म्हणजे फॉलिक ॲसिड, हे नंतर कळलं. पेशी विभागायची तर तिला फॉलिक ॲसिड लागतं, आणि मज्जेतल्या पेशी अहोरात्र विभागत असतात. पुढे अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत, येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली, फॉलिक ॲसिडसारखी दिसणारी पण त्याचं काम अडवणारी रेणूंची मालिका तयार झाली. त्यातल्या ॲमिनोप्टेरिनने १९४८ साली सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांत आजार तात्पुरता मागे हटवला. मेथोट्रेक्सेट त्याच घराण्यातलं. १९८० च्या दशकात अगदी कमी मात्रेत ते आमवातावर प्रभावी ठरलं आणि आज जगभर आमवाताचं मुख्य औषध आहे.

या औषधाने लाखो लोकांचे हात वाचवले आहेत. मी त्याच्या विरोधात एक अक्षर लिहिणार नाही. पण त्याची चाल वेगळी आहे: आठवड्यातून एकदाच. बी.पी.ची रोज, थायरॉइडची रोज, शुगरची रोज, अशा डब्यात ही एक गोळी आठवड्याची असते. ती चुकून रोज घेतली जाते. कधी चिठ्ठीवरचं अक्षर वाचता येत नाही, कधी दुकानातला पोऱ्या ‘रोज एक’ सांगतो, कधी फॉलिक ॲसिडची पिवळी गोळी आणि ही पिवळी गोळी यांची अदलाबदल होते. दहा-बारा दिवसांत मज्जा थकते. तिन्ही पेशी उतरतात. याला पॅन्सायटोपेनिया म्हणतात आणि त्यात माणसं दगावतात.

शरीर मात्र आधी हाक देतं: तोंड येतं. नेहमीसारखं एखादा फोड येऊन जावा तसं नाही. ओठ, जीभ, घसा सोलवटून जातो, पाणी गिळवत नाही. मेथोट्रेक्सेटवरच्या माणसाचं तोंड असं आलं की बी-कॉम्प्लेक्सची गोळी आणि तोंडाला लावायचं जेल यावर वेळ घालवू नये. त्याच दिवशी सीबीसी आणि क्रिएटिनिन करावं. उतारा आहे, फॉलिनिक ॲसिड म्हणजे ल्यूकोव्होरिन, आणि तो जितका लवकर मिळेल तितका उपयोगी.

मात्रा बरोबर असूनही हे होऊ शकतं. औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं; म्हातारपणी, जुलाबांनी किंवा वेदनाशामकांनी मूत्रपिंड मंदावलं की तीच मात्रा जास्त होते. लघवीच्या संसर्गासाठी सर्रास दिली जाणारी को-ट्रायमोक्साझोलची गोळी मेथोट्रेक्सेटबरोबर विशेष घातक, कारण तीही फॉलिक ॲसिडच्याच वाटेवर अडथळा आणते. ही गोळी लिहिणारा डॉक्टर सहसा आमवाताचा नसतो. म्हणून ‘मी मेथोट्रेक्सेट घेते’ हे वाक्य रुग्णाने प्रत्येक दवाखान्यात, डोळ्यांच्या आणि दातांच्याही, आधी सांगायचं.

बाकीची औषधं थोडक्यात. सल्फासलाझिनने न्यूट्रोफिल अचानक नाहीशा होऊ शकतात, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत. नंतर धोका बराच कमी. जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असेल तर त्याने लाल पेशी फुटतात. ही कमतरता आपल्याकडच्या काही समाजांत चांगलीच आढळते, म्हणून आधी एकदा तपासणं शहाणपणाचं. ॲझाथायोप्रिन पचवण्याची क्षमता जनुकांवर ठरते. युरोपीय लोकांत टीपीएमटी हा जनुक महत्त्वाचा, आपल्याकडे आणि पूर्व आशियात एनयूडीटी-१५ अधिक. २०१४ मध्ये कोरियातून ही गोष्ट पुढे आली आणि आपल्या रुग्णांची मज्जा लहान मात्रेतही का कोसळते, याचा काही उलगडा झाला. युरिक ॲसिडसाठीचं ॲलोप्युरिनॉल ॲझाथायोप्रिनसोबत दिलं तर ॲझाथायोप्रिनची मात्रा शरीरात साचत जाते. सोन्याची इंजेक्शनं आता इतिहासजमा झाली. त्यांनी प्लेटलेट आणि मज्जा यांचं केलेलं नुकसान जुन्या डॉक्टरांना आठवत असेल.

लिम्फोमाचा, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचा प्रश्न मात्र घाईने आटोपण्यासारखा नाही, कारण त्याच्या भीतीने अनेक जण औषधंच सोडतात. आमवातात लिम्फोमाचा धोका सर्वसाधारण माणसाच्या सुमारे दुप्पट असतो. तरीही एका व्यक्तीपुरता तो लहानच. हा धोका औषधांनी येतो की रोगाने, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. २००६ साली स्वीडनमधून आलेल्या अभ्यासाने त्याला दिशा दिली. लिम्फोमा झालेले ३७८ आमवाती रुग्ण आणि तितकेच न झालेले, यांच्या जुन्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा वर्षानुवर्षं तीव्र सूज अंगावर काढलेल्यांत धोका कित्येक पटींनी जास्त निघाला. सौम्य आजारात तो जवळपास वाढलेला नव्हता. थोडक्यात, औषधाच्या भीतीने सूज तशीच पेटती ठेवणं हाच मोठा धोका.

याला एक अपवाद आहे. मेथोट्रेक्सेटवर असलेल्या काहींत लिम्फोमासारख्या गाठी येतात. त्यांतल्या बऱ्याच एपस्टाइन-बार विषाणूशी जोडलेल्या असतात. जपानमधून अशा रुग्णांच्या पुष्कळ नोंदी आल्या आहेत. औषध थांबवल्यावर काहींच्या गाठी आपोआप विरतात, केमोथेरपीशिवाय. म्हणून मानेतली, काखेतली गाठ, रात्रीचा घाम, उतरतं वजन दिसलं की बायोप्सी करावी. आपल्याकडे अशी गाठ म्हणजे टीबी असं आधी गृहीत धरलं जातं. अनेकदा तो टीबीच असतोही, पण आमवाताच्या रुग्णात गाठ तपासल्याशिवाय टीबीचं औषध सुरू करणं मला योग्य वाटत नाही.

आणखी काही गोष्टी इतक्या विरळ की अनेक डॉक्टरांना त्या आयुष्यात एकदाच भेटतात. रक्त गोठवणाऱ्या आठव्या घटकाविरुद्ध शरीर स्वतःच प्रतिपिंडं बनवतं. तो हिमोफिलिया जन्मजात नसून उतारवयात कमावलेला. कुठे आपटलं नसताना दंडावर, मांडीवर वीतभर काळानिळा डाग पडतो. प्लेटलेट नॉर्मल, रक्त गोठण्याच्या तपासण्यांपैकी पीटी नॉर्मल, फक्त एपीटीटी लांबलेला. अशा वेळी तिथे सुई किंवा सुरी लावण्याआधी रक्ततज्ज्ञाला बोलवावं. याउलट मॅक्रोफेज ॲक्टिव्हेशन सिंड्रोममध्ये ताप हटत नाही, तिन्ही पेशी झपाट्याने उतरतात, फेरिटिन हजारांत जातं आणि चढलेला ईएसआर अचानक खाली येतो. घरच्यांना वाटतं सुधारणा झाली. प्रत्यक्षात रक्तातलं फायब्रिनोजेन संपत चाललेलं असतं आणि त्यामुळे ईएसआर उतरतो. आमवातापेक्षा स्टिल्स डिसीजमध्ये हे जास्त दिसतं. रक्ताच्या गुठळ्यांचा धोकाही आमवातात वाढलेला असतो. जेएके गटाच्या नव्या गोळ्या देताना तो विशेष पाहतात. पायाची पोटरी एकाच बाजूला सुजली तर ती गुडघ्याच्या संधिवाताची सूज म्हणून सोडून देऊ नये.

राहिला प्रश्नाचा तिसरा भाग: रोगही नाही, औषधही नाही. पानथरी वाढली आणि पेशी कमी झाल्या, तर आपल्या देशात फेल्टीच्या आधी हिवताप, टीबी, यकृताचे विकार आणि बिहार-बंगालकडे काळा आजार यांचा विचार करावाच लागतो. पावसाळ्यात प्लेटलेट उतरल्या तर डेंग्यू. शाकाहारी घरात तिन्ही पेशी हळूहळू उतरत असतील तर बी-१२. आणि एक गोष्ट जी फाइलीत कधीच लिहिलेली नसते: पुड्या. संधिवाताच्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, काही भस्मांत शिसं. शिशाने हिमोग्लोबिन उतरतं. स्टेरॉइडने न्यूट्रोफिलचा आकडा वर जातो, म्हणजे खरी घट झाकली जाते. रुग्ण पुडीबद्दल बोलत नाही, कारण डॉक्टर रागावतील अशी भीती असते. न रागावता विचारणारा डॉक्टर निम्मं निदान तिथेच करतो.

पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने १९९६ पासून घरोघरी जाऊन संधिवाताची पाहणी केली. त्यात आमवाताचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघालं. टक्केवारी छोटी वाटते. महाराष्ट्राच्या लोकसंख्येला लावली तर ती माणसं काही लाखांत जातात. फेल्टी त्यांतल्या शंभरात एखाद्याला होतो असं धरलं, तरी हजारोंच्या घरात संख्या येते. यांतले बहुतेक तालुक्याच्या गावी किंवा खेड्यात राहतात, जिथे रूमेटॉलॉजिस्ट नाही, पण सीबीसी करणारी लॅब आता जवळपास सगळीकडे आहे. दर दोन-तीन महिन्यांची ती तपासणी शे-दोनशे-तीनशे रुपयांत होते. न्यूट्रोफिलचा खरा आकडा मात्र रिपोर्टवर बऱ्याचदा छापलेला नसतो. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलची टक्केवारी, भागिले शंभर, इतकंच गणित आहे. २४०० पेशी आणि ३० टक्के न्यूट्रोफिल म्हणजे ७२०.

आत्याचा आकडा तोच होता, ७२०. सोनोग्राफीत पानथरी सोळा सेंटिमीटर निघाली. मज्जेची तपासणी झाली, एलजीएलसाठी रक्त पुण्याहून मुंबईला गेलं, ते नकारात्मक आलं. मधल्या काळात तिने स्वतःच बंद केलेलं मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू झालं. नडगीची जखम भरायला पुढे पाच महिने लागले. आता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर रविवारी लाल गोल असतो, गोळी घेतली की ती त्यात फुली मारते. खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने महिन्याचा न्यूट्रोफिलचा आकडा लिहिलेला असतो. परवा मी गेले तेव्हा तिथे १९८० होते, आणि चहा ठेवता ठेवता तिने मला सांगितलं, ‘वीस कमी पडले बघ.’